वरच्या फळीवरचं दही

मिलिंद,

हीटपंपाच्या जाळ्या ह्या वर्षी मी धुतल्या. तुझ्या टूथब्रशने.

तुझा तो नियमच होता. घरातला जुना ब्रश टाकायचा नाही, मे महिन्यात, घर तापवायची वेळ यायच्या आधी, जाळ्या घासायला लागतो. बेसिनखालच्या डब्यात शोधला, तर डबा रिकामा. गेल्या वर्षी सगळे तूच वापरून संपवलेस. मग आरशापुढच्या पेल्यातला तुझा निळा ब्रश उचलला. तू गेल्यापासून तो तिथेच होता, माझ्या ब्रशकडे पाठ करून. आपली मित्रा म्हणाली होती, "आई, यू डोन्ट हॅव टू मूव्ह एनीथिंग." म्हणून मीही हलवला नव्हता. पण जाळ्यांवर वर्षभराची धूळ बसली होती, आणि मला पक्कं ठाऊक आहे, त्या धुळीपेक्षा असा पुजून ठेवलेला ब्रश तुला जास्त खटकला असता. घासता घासता भरपूर रडून घेतलं. जाळ्या मात्र लख्ख निघाल्या.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आपल्या हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. त्रिसरण झालं, पंचशील झालं, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. तू किती शांत होतास, कधी आवाज चढवला नाहीस. तुझ्या ऑफिसातले म्हणाले, मोठमोठ्या इमारतींच्या हवापाण्याची कामं तू डोळे मिटून करायचास. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला कळेना, हे कुणाबद्दल बोलताहेत? लोअर हटच्या ह्या लाकडी घरात दर हिवाळ्यात कपाटाच्या दारात उभा राहून माझ्याशी हुज्जत घालणारा माणूस त्यांच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. मला तोच परत पाहिजे आहे. शांत मिलिंद त्यांनी खुशाल घेऊन जावा.

मे महिना लागला की तुझ्या अंगात यायचं. अंबरनाथच्या चाळीत तुझी आई मे महिन्यात पत्र्याची भोकं डांबराने बुजवायची, मिरच्या-पापड वाळवून डबे भरायची, सरपण आत घ्यायची. जूनच्या आत सगळी बेगमी झालीच पाहिजे. इथे आल्यावर तुला शोध लागला की इथला हिवाळाही जूनमध्येच येतो, आणि तू हरखून गेलास. "देश बदलला, पण बेगमीचा महिना तोच राहिला बघ," असं तू पहिल्या वर्षी म्हणालास आणि पुढे दरवर्षी म्हणत राहिलास, जसं काही आत्ताच सुचलंय. मग सगळे शनिवार-रविवार त्यातच जायचे. छपराच्या पन्हाळी साफ करायच्या, बाहेरच्या नळाला फोम गुंडाळायचा, खिडक्यांच्या फटींना पट्ट्या चिकटवायच्या, घराखाली सरपटत जाऊन पाइपांची वेष्टणं तपासायची. मी तुला हसायचे. हिवाळा आला की तुझ्याच उबेत आरामात बसून हसायचे.

घराखालून तू बाहेर यायचास, ते बघायला मला फार आवडायचं. मागच्या बाजूच्या त्या बुटक्या दारातून आधी टॉर्च यायचा, मग तुझी कोपरं, मग कोळ्याच्या जाळ्यांनी पांढरं झालेलं डोकं. मी चहा घेऊन उभी असायचे.

"म्हातारा झालास की असाच दिसशील."

"चांगला दिसतो का?"

"बरा."

खरं म्हणजे छान दिसायचास. तुझे केस शेवटपर्यंत काळेभोर राहिले, कलप नाही की मेंदी नाही. म्हातारा मिलिंद मी बघितला तो एवढाच, वर्षातून एकदा, हातात टॉर्च धरलेला. पुढचा बघायचा राहून गेला.

आता आपल्या भांडणावर येते. पुण्यानुमोदनाला कुणाला ते माहीत नव्हतं, म्हणून कुणी बोललं नाही.

पॅसेजमधल्या कपाटात गरम पाण्याची ती माणसाएवढी टाकी, जिला इथे सगळे सिलिंडर म्हणतात. भूकंपात पडू नये म्हणून भिंतीला पट्ट्यांनी बांधलेली. तिच्या शेजारी लाकडी पट्ट्यांच्या दोन फळ्या, एक माझ्या कमरेशी, एक माझ्या कपाळाशी. पहिल्या हिवाळ्यात माझं दही काही केल्या लागेना. सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं आणि विरजण तळाशी रुसून बसलेलं. मग मी पातेलं त्या कपाटात खालच्या फळीवर ठेवलं, आणि ह्या देशात आल्यावर पहिल्यांदा आपण घरच्या दह्याशी भात खाल्ला. पुढे डोशाचं पीठ तिथेच फुगायला लागलं, मित्राचे पोहण्याचे टॉग्ज तिथेच वाळायला लागले. सगळ्या गारठलेल्या घरात ते एक कपाट मला माहेरासारखं वाटायचं.

तुझ्या मते मात्र ते उबदार असणं हाच गुन्हा.

"सुजाता, कपाट गरम आहे म्हणजे टाकीतली ऊब बाहेर जातेय. आपण वीज जाळून टॉवेल शेकतोय."

म्हणून तू टाकीला जाड चंदेरी कोट घालायचास, गळ्यापासून पायापर्यंत गच्च. मी संध्याकाळी कोटाची खालची कड वर खोचून पातेलं टाकीला टेकवायचे. तू जाता-येता कड खाली ओढायचास. मी पुन्हा वर. कधी एक शब्द न बोलता, कधी मित्राने खोलीचं दार लावून घ्यावं इतकं बोलून.

"निदान वरच्या फळीवर तरी ठेव. गरम पाणी वर असतं, गार पाणी खाली येतं. शाळेतलं विज्ञान आहे हे."

"दह्याला ऊब लागते, चटके नाही. आणि मी काय शिडी लावून दही लावू?"

"एकदा करून तर बघ."

"नाही बघत."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. "ही ऑफिसात लोकांच्या चुका काढायचा पगार घेते, माझ्या मात्र फुकट काढते," असं तू पाहुण्यांना सांगायचास. मग माझ्याकडे बघून म्हणायचास, "मरायच्या आधी एकदा हिच्या तोंडून ऐकायचंय, मिलिंद, तुझं बरोबर होतं." सगळे हसायचे. मीही हसायचे आणि वाढायला उठायचे.

मार्चच्या अखेरीला एका सकाळी तू डबा घेऊन ट्रेनला निघालास आणि स्टेशनच्या बाकावर बसलास तो उठलाच नाहीस. त्याबद्दल मला अजून काही लिहिता येत नाही.

मग मे आला. मित्रा ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या तिच्या भाड्याच्या घरातून रोज फोन करते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, तुला माहीतच आहे. म्हणाली, "आई, कम अप फॉर द विंटर. ऑकलंड इज हीप्स वॉर्मर. घर लॉक कर."

"आणि मग?"

"देन वुई विल सी."

ह्याचा अर्थ न कळायला मी काही दूधखुळी नाही. हिवाळाभर बंद ठेवलेलं घर वसंतात विकायला निघतं. तिचं चुकतंय असंही नाही. ओल धरणारं जुनं लाकडी घर, आणि त्याची नस न नस माहीत असलेला माणूस गेलेला. तिला रात्री माझीच काळजी वाटते, तसं ती बोलूनही दाखवते. शेवटी आमचा करार झाला. जूनच्या लाँग वीकेंडला ती येणार. तोवर घर हिवाळ्याला तयार असेल तर मी राहायचं, नाहीतर बॅग भरून तिच्यासोबत निघायचं. मी हो म्हणून बसले. मिलिंद, मला हे घर सोडायचं नाही. तू ह्या घरात जेवढा आहेस, तेवढा आता दुसरीकडे कुठेच नाहीस.

जाळ्या झाल्या, खिडक्यांच्या पट्ट्या झाल्या. बाहेरच्या नळाचं उद्या बघू म्हटलं, आणि फ्रॉस्टने उद्याची वाट बघितली नाही. सकाळी पडदा सारला तर सगळं गवत पांढरं. ऊन आलं तसा बाहेर मोठा आवाज झाला. नळाखालचा पाइप उभा फाटला होता आणि पाणी भिंतीपर्यंत उडत होतं. मी गाऊनवर स्वेटर चढवून धावले आणि दोन्ही हातांनी तो पाइप धरून ठेवला. एवढं शिकून हे शहाणपण. पाणी बाहीतून आत, पार कोपरापर्यंत.

शेजारचा हेमी आवाज ऐकून आला. "किया ओरा! हँग ऑन, आय विल गेट द टोबी!" म्हणत पायातल्या रबरी जँडल्समध्येच पांढऱ्या गवतावरून धावला, फुटपाथवरचं एक छोटं झाकण उचललं, आत हात घालून व्हॉल्व्ह फिरवला. पाणी खाली बसलं. घराचं सगळं पाणी तोडणारा तो टोबी तिथे आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"मिलिंद शोड मी," हेमी म्हणाला. "जस्ट इन केस."

त्या दिवशी मी तुझ्यावर खरी चिडले. कपडे बदलून तुझ्या फोटोपुढे उभी राहिले आणि चांगलं झापलं. जस्ट इन केस? शेजाऱ्याला घराची नाडी दाखवून ठेवतोस आणि बायकोला नाही? मला काय नुसतं चहा घेऊन उभं राहायला ठेवलं होतंस? बराच वेळ बोलत होते. शेवटी घसा बसला आणि लक्षात आलं, बरं वाटतंय. दोन महिने सगळे मला रडू देत होते, भांडू कुणी देत नव्हतं.

मित्राला सांगणं भागच होतं. ती म्हणाली, "आई, धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय मीन." मी म्हटलं, लाँग वीकेंड अजून यायचाय.

प्लंबर येऊन पाइप बदलून गेला. पन्हाळींसाठी मी शिडी काढली तर हेमीने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः वर चढला. खाली उतरल्यावर त्याला गरम भजी दिली, तर "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणत ताट घेऊन घरी गेला. घराखाली मात्र मी कुणाला जाऊ दिलं नाही. तुझा टॉर्च घेतला आणि पोटावर सरपटत आत शिरले. आत सगळं नीट होतं. प्रत्येक पाइपाला तुझं वेष्टण, प्रत्येक सांध्यावर तुझी टेप, टोकं दुमडून चिकटवलेली, कारण उकलताना त्रास नको. मी हात लावत लावत पुढे गेले आणि तशीच परत आले, करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाहेर आले तेव्हा किचनच्या काचेत स्वतःला पाहिलं, जाळ्यांनी डोकं पांढरंशुभ्र. चहा घेऊन कुणी उभं नव्हतं.

राहिला बाहेरच्या नळाचा फोम. तो गॅरेजमध्ये असणार म्हणून मागच्या फळ्या उचकायला घेतल्या, तर तंबूच्या पिशवीमागे नायलॉनच्या दोरीने बांधलेली एक चंदेरी गुंडाळी.

सिलिंडरचा जुना कोट माझ्या खोचाखोचीने पार फाटला होता. गेल्या हिवाळ्याअखेर तू तो फेकून दिलास. मग जानेवारीत शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये असायचास. विचारलं की म्हणायचास, तंबू शिवतोय. मी म्हटलं, शिवू दे, तेवढीच घरात शांतता.

गुंडाळी फरशीवर सोडली. नवा कोट होता. आणि त्या कोटाला एक खिडकी कापलेली होती. चौकोनी, माझ्या दह्याच्या पातेल्यापेक्षा बोटभर मोठी. खिडकीला वरून उघडमीट करायची झडप, जांभळी. हात लावला तर रबरासारखी मऊ. मित्रा लहान असताना नदीवर पोहायला घालून जायची तो तिचा जांभळा वेटसूट, त्याची पाठ कापून तू झडप केली होतीस. पाण्यात पोरीला ऊब देतं ते कापड टाकीलाही ऊब धरून देईल, असं तुझं इंजिनिअरिंग. चारही बाजूंनी जाड दोऱ्याचे टाके. टाके कसले, माणसाने कुंपण घालावं तसे.

मला कळायला वेळ लागला. तू हरला होतास. इतकी वर्षं भांडून तू गुपचूप हरायची तयारी करत होतास, आणि ताकास तूर लागू दिली नाहीस.

पण तू शेवटी तूच. मी कोट कपाटात नेऊन टाकीला धरून बघितला. खिडकी खालच्या फळीसमोर नव्हती, वरच्या फळीसमोर होती. वाटलं, माप चुकलं असेल. उलटा धरला तर गळ्याशी आवळायचे बंद तळाशी गेले. चूक नव्हतीच. तुझ्या मापात चूक असते का कधी? पडलं तरी नाक वर. दह्याला ऊब देतो म्हणालास, पण मी सांगतो त्याच फळीवर. मी तिथेच पॅसेजमध्ये बसून मोठ्याने हसले, आणि हसता हसता ते कधी दुसरंच काही झालं, कळलं नाही.

मे महिन्यात तू तो कोट चढवला असतास आणि काहीच न बोलता आजूबाजूला घुटमळत राहिला असतास, मी कपाट उघडण्याची वाट बघत. तो तुझा चेहरा कसा असता, हेच मनात येत राहतं. मी काय म्हटलं असतं तेही मला माहीत आहे. मी म्हटलं असतं, टाके वाकडे आहेत.

कोट मीच चढवला. बंद आवळले, झडप दाबून बसवली, नळाला फोम गुंडाळला.

मित्रा आली त्या दिवशी दक्षिणेचा बर्फगार वारा सुटला होता. दारात बूट काढता काढता थांबली. "इट्स वॉर्म," म्हणाली, तक्रार केल्यासारखी. मग बॅग ठेवून घरभर फिरली. अगदी तुझी चाल. हीटपंपाखाली हात धरून बघितला, खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवलं, बाहेर जाऊन नळ बघून आली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. परीक्षेचा निकाल अडवून ठेवल्यासारखी मी किचनमध्ये कांदा चिरत होते. तेवढ्यात आंघोळीला टॉवेल घ्यायला तिने कपाट उघडलं.

दार परत लागेना. म्हणून गेले.

"आई," ती वळून न बघता म्हणाली, "दॅट्स माय वेटसूट."

"हो."

"ही कट अप माय वेटसूट." आणि मग एकदम मराठीत, लहानपणी बोलायची तसं, "बाबाने हे दह्यासाठी केलं?"

मी मान हलवली. तिने त्या जांभळ्या झडपेला गाल लावला आणि रडायला लागली. पुण्यानुमोदनाला सगळ्यांचं चहा-पाणी बघत फिरणारी पोर, तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मी तिला धरून उभी राहिले. टाकीही तिच्या दुसऱ्या बाजूने गरम लागत असणार.

त्या संध्याकाळी दूध कोमट केलं, विरजण लावलं. मी किचनमधल्या स्टुलावर चढले, मित्राने स्टूल धरलं. झडप उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा पातेलं वरच्या फळीवर ठेवलं.

सकाळी बघितलं, मिलिंद. घट्ट, गोड, सुरीने वडी पाडावी असं. खालच्या फळीवर इतक्या वर्षांत एकदाही तसं लागलं नव्हतं. चटका नाही, पाणी सुटलेलं नाही. मित्राने साखर घालून वाटीभर खाल्लं, मग आणखी वाटीभर, आणि चमचा चाटत म्हणाली, "ओके. यू कॅन स्टे." उठताना पुढे जोडलं, "पण स्टुलावर चढायच्या आधी मला कॉल करायचा." दही लावताना मुलीला फोन करायचा, ही माझ्यावर नवी अट.

काल तिला विमानतळावर सोडून आले. घर बंद असूनही आत ऊब होती, तू सांगायचास तशी, भिंतींत मुरलेली. कपडे न बदलता आधी कपाटाशी गेले, मित्राला फोन न करताच स्टुलावर चढले, झडप उघडली. गरम हवा तोंडावर आली.

"मिलिंद, तुझं बरोबर होतं," मी म्हणाले. पॅसेजच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "टाके वाकडे आहेत. पण तुझं बरोबर होतं."

मग झडप लावून घेतली, ऊब वाया जात होती.